उंच केलेलं हँडल

अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला आणि माझं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मनगट जरा तिरपंच बसलं.

संगमेश्वरजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा मुंबईला, घरी मी आणि माझी मोठी जाऊ. शाळेचा रस्ता चढ-उताराचा, एसटी भलत्या वेळी. म्हणून बॅटरीची सायकल घेतली होती. तिची फ्रेम मधे खाली वाकवलेली, साडीतही सहज पाय टाकता यायचा.

आता मात्र बसलं की अंगाचा सगळा भार पुढे मनगटावर यायचा. वाडीतल्या नळापर्यंत गेले आणि कळवळून परत फिरले. सायकल पडवीत लावली.

"ताई, विकून टाकूया ही."

जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगो, तू कशाला वाकतेस? हँडल वर घे की."

हे मला सुचलंच नव्हतं. बाजारातल्या सायकलवाल्याने हँडल धरणारा उभा दांडा जास्त लांबीचा बसवला आणि सरळ हँडल काढून मागे वळलेलं घातलं. बसून पाहिलं, तर पाठ ताठ, कोपर सैल. दुखणं जवळजवळ नाहीच!

पण दुसऱ्या दिवशी चढावरच्या उजव्या वळणावर मोटर बंद पडली. हँडल सरळ केलं, चालू झाली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. माझं धाबं दणाणलं. उरलेला चढ सायकल ढकलत गेले.

संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत तिच्याभोवती बसलो. मी चाक धरलं, ताई हँडल हळूहळू फिरवत होत्या.

"थांब, थांब. ही वायर बघ कशी ताणते," ताई म्हणाल्या.

हँडल उंच झालं होतं, ब्रेकच्या वायरी मात्र जुन्याच मापाच्या. वळलं की वायर ओढली जायची, आणि ब्रेक लागला असं समजून मोटर थांबायची. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हसत सुटलो. बॅटरी जळाली असं वाटून मी दुपारी शाळेत डबासुद्धा उघडला नव्हता.

लांब वायरी घातल्यावर मी तो चढ एका दमात चढले. शाळेच्या फाटकाशी उतरले तेव्हा मुलं धावत आली आणि मला उगाचच रडू आलं.

रविवारी ताई पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "मला शिकव."

शाळेच्या मैदानात मी मागून सीट धरून धावत होते. त्यांचं लक्ष सारखं चाकाकडे.

"ताई, खाली नको, पुढे बघा!"

त्यांनी मान वर केली. हँडल डगमगलं, मग स्थिर झालं. मी सीट सोडली ते त्यांना कळलंच नाही. मैदानाला पूर्ण फेरी मारून त्या नजर पुढेच ठेवून माझ्याजवळून गेल्या आणि ओरडल्या, "सोडू नको हां!"