माझ्या हातून न लागलेली लग्नं

मी आजवर साठ-सत्तर लग्नं लावायला बसलो आणि त्यातलं एकही लागलं नाही. याला माझा इलाज नाही, पोटच त्यावर चालतं. मराठी मालिकांमध्ये मी गुरुजी असतो.

मालिकेतलं लग्न कसं असतं ते बघणाऱ्यांना पाठ आहे. झेंडूच्या माळा, नवऱ्या मुलाची खाष्ट आई आणि मध्ये पाटावर मी. मी दोन मंगलाष्टका म्हणतो, तिसरीला तोंड उघडतो आणि दारातून कुणीतरी ओरडतं की थांबवा हे लग्न. मग कॅमेरा एकेकाच्या तोंडावर जातो. सगळ्यांचे चेहरे घेऊन झाले की शेवटी माझाही एक घेतात. मी डोळे मोठे करतो आणि अक्षतांची मूठ हवेत तशीच धरून ठेवतो. एका दिग्दर्शकानं मला एकदा सांगितलं होतं की गुरुजी, तुमच्यासारखं दचकायला कुणाला जमत नाही. मी ते त्याच दिवशी आईला फोन करून कळवलं. ती म्हणाली, लहानपणी पाल बघूनसुद्धा तू असाच दचकायचास.

खरं तर आमच्या सात पिढ्यांत कुणी पूजा सांगितलेली नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं घर. वडील गिरणीत होते, मी स्वतः चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला होतो आणि संध्याकाळी नाटकांच्या तालमींना. मुंबईला गेलो तो नायक व्हायला. पहिल्याच ऑडिशनला समोरच्या बाईंनी माझ्या पोटाकडं बघितलं, मांडी घालून बसायला सांगितलं, आणि मी न हलता वीस मिनिटं बसलो म्हटल्यावर माझ्या खांद्याला जानवं अडकवलं. ते अजून उतरलेलं नाही. म्हणजे घरी येताना उतरवतो, पण लोकांच्या डोळ्यांतून ते उतरत नाही. सोलापूर स्टेशनवरचा रिक्षावाला मला बघून रिक्षा थांबवतो आणि विचारतो, ‘गुरुजी, नवी गाडी घ्यायचीया, मंगळवार चालंल का बे?’ गुरुजी आणि बे एका वाक्यात फक्त आमच्या गावात मावतात. मीही चालंल म्हणतो. कुणाचं काय बिघडतं?

एक गोष्ट मात्र बिघडली होती आणि ती मीच बिघडवली होती. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या दिवशी मी मुंबईत माझ्या पहिल्यावहिल्या खोट्या लग्नाच्या पाटावर बसलो होतो. निघून गेलो असतो तर दुसरा पोटवाला बसवला असता. इकडं बहिणीच्या लग्नात नवरदेवाची कानपिळी करायला भाऊ नाही, म्हणून एका चुलतभावाला पुढं केलं. तिनं मला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं.

म्हणून तिच्या मुलीचं लग्न ठरलं तसं मी कामं देणाऱ्या माणसाला दोन महिने आधी बजावलं की या चार दिवसांत साक्षात नारदमुनीचा रोल आला तरी मला फोन करायचा नाही. आमच्याकडं नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या खांद्यावर हात ठेवून पाठीशी उभा राहतो. ते उभं राहणं मला हवं होतं. बाकी जेवायला ताट नाही मिळालं तरी चालणार होतं.

नवरा मुलगा सांगोल्याकडचा. घरी डाळिंबाची बाग, चाळीसेक शेरडं, आणि स्वतः कारखान्यात सुपरवायझर. हळदीच्या दिवशी सकाळी त्यांच्याकडच्या बायका नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आमच्या दारात आल्या. सगळ्यांच्या पुढं मुलाची आत्या. सत्तरीची, काटक, आणि नजर अशी की शंभर शेरडांतलं लंगडं अचूक हुडकावं. मी हात जोडून ‘या, या’ म्हणालो. ती उंबऱ्यावरच थांबली. हळदीची वाटी तिनं पदराखाली घेतली.

‘ह्ये हितं कसं?’ तिनं माझ्या बहिणीला विचारलं.

‘माझा भाऊ हाय. पोरीचा मामा,’ बहीण कौतुकानं म्हणाली. ‘टीव्हीत असतो की.’

‘ते म्हाईत हाय. म्हनूनच इच्यारते.’

आत्याबाई घरात आल्या, बसल्या, पाणीसुद्धा न पिता त्यांनी माझं पाप मोजायला घेतलं. त्या गोऱ्या पोरीचं लगीन मोडलं, तवा हेच बसलेले. वकिलाच्या लेकाचं मोडलं, तवाबी हेच. त्या नर्सबाईचं तर दोनदा मोडलं.

‘तीनदा,’ मी म्हणालो. उगाच. कलाकाराला स्वतःच्या कामाची नोंद अर्धवट झालेली सोसत नाही.

‘बगा,’ त्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या.

मला राग आला. मी म्हणालो, ‘आत्याबाई, लग्न मोडतो तो लेखक. मी त्यानं लिहिलेलं करतो. मी गरीब माणूस दोन मंगलाष्टका म्हणून गप बसतो.’

‘लेकक आमाला दिसत न्हाय. तुमी दिसताय,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘राग नका मानू, पावनं. मानूस वंगाळ न्हाय तुमी. पर तुमच्या हातनं एक बी लगीन तडीला गेल्यालं मी बगितलं न्हाय. आमचा एकच पोरगा हाय. त्याच्या बोल्यावर तुमी नगं.’

भाची आतल्या खोलीत हळदीच्या पिवळ्या साडीत बसली होती. तिनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. बहीण माझ्याकडं बघत नव्हती. ती पाटावरची रांगोळी पुन्हा पुन्हा बोटानं नीट करत होती. मला कळलं की आता मी चढा सूर लावला तर लग्नघरात पहिल्याच दिवशी वितुष्ट येणार, आणि गप बसलो तर उद्या भाचीच्या मागं पुन्हा तोच चुलतभाऊ उभा राहणार. दोन्हीकडून मरण माझंच होतं.

वाट बहिणीनंच काढली. बाहेरच्या खोलीत रुखवत मांडलेलं होतं. त्यात साखरेचं देऊळ, लोकरीचा ससा आणि मधोमध मुंडावळ्या बांधलेली बाहुला-बाहुली होती, अगदी हार हातात घेऊन तयार. बहीण म्हणाली, ‘आत्याबाई, तुमच्या डोळ्यांदेखत ह्यानं एक लगीन पुरं लावून दाखवलं तर चालंल का?’

आत्याबाईंनी बाहुल्यांकडं बघितलं. त्यांनी बाहुलीचा पदर उचलून शिवण तपासली. ‘चालंल,’ म्हणाल्या. ‘पर सगळं. मदी सोडायचं न्हाय.’

आयुष्यात मी इतका घाबरून कुठल्याही सेटवर गेलो नाही. बाहुला-बाहुलीला चौरंगावर समोरासमोर ठेवलं. एका बाजूनं माझी बहीण आणि दुसऱ्या बाजूनं आमच्या शेजारच्या काकूंची सून, अशा दोघींनी मध्ये हातरुमालाचा अंतरपाट धरला. तांदळाला कुंकू लावून सगळ्या बायकांच्या मुठीत अक्षता दिल्या. आत्याबाई पुढं येऊन बसल्या. मी मांडी घातली, घसा खाकरला आणि पहिली मंगलाष्टका अशी म्हटली की गल्लीतली दोन कुत्री भुंकायची थांबली. दुसरीही झोकात झाली. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिसरी मला येतच नाही. कधी लागलीच नव्हती. इतक्या वर्षांत तिसऱ्या मंगलाष्टकेला माझं तोंड नुसतं उघडलेलं आहे.

मी तोंड उघडून बसलो. बायका अक्षता घेऊन बसल्या. बाहुल्या उभ्याच होत्या. मग आत्याबाईंनीच सवयीनं, एखाद्या पोराला पाढा सांगावा तशी तिसरीची सुरुवात सांगितली. बुडत्याला काडी मिळाली. त्या सांगत गेल्या, मी म्हणत गेलो. चौथी झाली, पाचवी झाली. आवाजाला धार चढली. आता एकच राहिली, आणि मग शेवटचं ‘सावधान’. मी छाती भरून घेतली.

तेवढ्यात शेजारच्या काकू धावत आल्या, उंबऱ्यावर दारालाच धरून उभ्या राहिल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, ‘अहो थांबवा ते लग्नबिग्न. पाणी आलंय.’

ज्याला सोलापूर ठाऊक नाही त्याला हे कळायचं नाही. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. पाळी ठरलेली असते, मध्ये तीन-चार दिवस कोरडे जातात, आणि पाणी आलं की माणूस ताटावरून उठतो. आमची पाळी उद्याची होती. लग्नघर, चाळीस पाहुणे, हौद तळाला गेलेला, बहीण सकाळपासून टँकरवाल्याला फोन लावत होती. पाणी एक दिवस आधी कसं काय आलं ते देवाला माहीत. अंतरपाटाचा रुमाल जागच्या जागी पडला. बायकांनी अक्षता पदराला बांधल्या आणि घागरी घेतल्या. मी एकटा चौरंगासमोर अक्षतांची मूठ हवेत धरून, डोळे मोठे करून बसलो होतो. मुद्दाम नव्हे. अंगवळणी पडलेलं आहे.

आणखी एक लग्न मोडलं होतं, आणि या वेळी तर लेखकही नव्हता. मी मूठ खाली केली. आत भाचीजवळ जाऊन तिला सांगितलं, ‘मी उद्या पाहुण्यांच्यात बसतो. तुझं नीट पार पडू दे, मला तेवढं पुष्कळ.’ ती रडायला लागली. तिचं बघून मलाही रडू आलं. सेटवर मला रडायला ग्लिसरीन लागतं, इथं काही लागलं नाही.

बाहेर येतो तर आत्याबाई पदर खोचून नळाशी बसल्या होत्या. सांगोल्याच्या बाईला वाहतं पाणी दिसल्यावर पाहुणी म्हणून बसवत नाही. घागर भरली की त्या पुढं सरकवायच्या, दुसरी लावायच्या, एक थेंब सांडू देत नव्हत्या. हौद भरला, पिंप भरलं, पातेली, बादल्या, शेवटी रुखवतातली नवी कळशीसुद्धा भरली. मग त्या पायरीवर टेकल्या आणि पहिल्यांदाच तांब्याभर पाणी प्यायल्या.

‘तुमची पाळी आज व्हती का?’ त्यांनी बहिणीला विचारलं.

‘न्हाय ओ, उद्या. आज कसं आलं कुनास ठाऊक.’

आत्याबाईंनी उठून भरलेला हौद पुन्हा एकदा बघितला. मग मला हाक मारली. मी जाऊन शाळेतल्यासारखा उभा राहिलो.

‘आमच्याकडं दुस्काळात गाडवाचं लगीन लावत्यात,’ त्या म्हणाल्या, ‘पाऊस पडावा म्हनून. वाजंत्री लावून वरात काडायची, समदं गाव जेवू घालायचं. तरी पडत न्हाय कवाकवा. आन् तुमी दोन बाहुल्या म्होरं ठिऊन बसला तर पान्यानं एक दिवस दम काडला न्हाय.’

‘पण लग्न मोडलं की,’ मी म्हणालो. खरं बोलण्याची खोड ऐन वेळी उपटते.

‘बाहुल्यांचं मोडलं. त्यास्नी काय पोरंबाळं व्हायची हायती?’ त्यांनी पदरानं हात पुसले. ‘ज्याच्या तोंडानं पानी येतंय तो मानूस अपशकुनी कसा म्हनायचा? उबं ऱ्हावा उद्या. फकस्त एक करा. तोंड उगडू नका. मंतर भटजी म्हनत्याल. तुमी नुस्तं उबं ऱ्हावा.’

इतकी वर्षं मी जास्तीच्या एका वाक्यासाठी लेखकांच्या मागं फिरलो. बिनसंवादाच्या भूमिकेला एवढ्या आनंदानं होकार मी तेव्हाच दिला. दातओठ मिटून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात खरे भटजी आले. ते माझ्यापेक्षा बारीक होते आणि त्यांचा आवाज साधा होता. फेटा बांधून मी भाचीला बोहल्यावर आणलं. तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि उभा राहिलो. पहिली मंगलाष्टका झाली. दुसरी झाली. तिसरी सुरू झाली तशी माझी मान आपोआप दाराकडं वळली. अर्ध्या कार्यालयाची मानही वळलेली मी बघितली, सगळ्यांनी मालिका पाहिलेल्या. दारात कुणी नव्हतं. आइस्क्रीमवाला होता, पण तो डबा लावत होता. चौथी झाली, पाचवी झाली. भाचीच्या खांद्याखालचा श्वास मला कळत होता. मग भटजींनी शेवटचं ‘सावधान’ म्हटलं, अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री वाजली आणि माझ्या डोक्यावर, फेट्यावर, कानांत अक्षता पडल्या. लग्नात शेवटी असं होतं हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. हार घालून झाले, लोक स्टेजकडं आले, फोटोवाला मला बाजूला व्हायला सांगत होता.

‘मामा, लागलं लग्न,’ भाची मान वळवून हळूच म्हणाली. ‘खांदे सोड की आता.’

माझे हात निघेनात. मागून बहीण आली. तिनं माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

‘धरू दे गं त्याला थोडा वेळ,’ ती म्हणाली. ‘पंगत काय पळून जात न्हाय.’