सालीची वडी

चिपळूणहून निघून नागपूरला उतरलो तेव्हा प्रवासानं अंग आंबून गेलं होतं. अकरावी-बारावीला अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांची तिथं स्पर्धा होती. वाया जाणाऱ्या वस्तूपासून पदार्थ करायचा. पहिल्या येणाऱ्याला पदवीला मोफत प्रवेश. चवीचे गुण माझ्या हातात. हाच विषय मी वीस वर्षं शिकवतोय, त्यामुळे जरा ताठ्यातच होतो.

स्टेशनबाहेर फेब्रुवारीतच ऊन चावत होतं. भूक लागली होती, म्हणून एका गाडीवर पोहे घेतले. इथं त्यावर तर्री (हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा) ओततात.

"झेपन का तुमाले, साहेब?" गाडीवाल्यानं विचारलं.

"टाका हो! कोकणातला माणूस आहे मी."

त्यानं दोन पळ्या टाकल्या. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तरी प्लेट संपवली. चव घेण्याआधी तिखट खाऊ नये, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारा मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

सभागृहातले पंखे गरम वारा घालत होते. शेवटच्या टेबलाशी कामठीची प्रज्ञा उभी होती, बारावीतली. रसाच्या गाड्यांवर फेकलेल्या संत्र्याच्या साली गोळा करून तिनं वडी केली होती.

"महिनाभरापासून करून राहिली मी, सर. कडूपणा जातच नव्हता. आता सहा पाण्यांत उकळते, मंग गुळात आटवते."

वडी तोंडात टाकली. जिभेची आग शमली नव्हती, नाक वाहत होतं. मऊ, गोड काहीतरी लागलं, बस्स.

"कडू तर नाही ना, सर?"

"कडू नाही, पण संत्र्याची चवच नाही." वर अक्कलही शिकवली, "जास्त उकळलंयस. दोन पाणी पुरे."

तिचा चेहरा उतरला. तिनं वहीत लिहून घेतलं, 'दोन पाणी'. माझ्या गुणांमुळे तिचा पहिला नंबर थोडक्यात हुकला. तरी मी निघताना तिनं वड्यांची पुडी हातात ठेवली. "घरी न्या, सर. मी सुधरवीन."

घरी पोचल्यावर चहाबरोबर पुडी सोडली, तर खोलीभर संत्र्याचा घमघमाट. आधी गूळ, मग साल, मागून जराशी तुरट गोडी. वीस वर्षांत विद्यार्थ्याच्या हातचं असं काही खाल्लं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आयोजकांना फोन करून सगळं सांगितलं, तर्रीसकट. ते हसले. "जाऊ द्या ना सर, निकाल लागून गेला. आता काहून मनाले लावून घेता?"

प्रज्ञाचा फोन नंबर मागितला. बघतो म्हणाले. अजून काही आलेला नाही. तिकडे ती पोर दोन पाण्यांत साली उकळत असेल, आणि वडी कडू झाली म्हणून स्वतःलाच दोष देत असेल.