तळाची रेघ

सरोजिनीबाईंनी तीस वर्षं बेलापूरच्या एका आर्किटेक्टकडे इमारतींचे नकाशे काढले. रेघ केसभर चुकली तरी त्यांना दुरून दिसे. पण घरातलं काहीही ठरवायचं तर बाईंना गावच्या देवाचा कौल लागे. गुडघ्यांनी कोकणच्या फेऱ्या बंद पाडल्या, तेव्हा त्यांनी वाशीच्या रद्दीवाल्याकडचं एक पुस्तक हाताशी धरलं. शकुन चिनी, भाषांतर इंग्रजी, प्रश्न मराठी. तीन नाणी सहा वेळा उडवायची, दर खेपेला एक रेघ, अखंड किंवा तुटकी. सहा रेघांची आकृती झाली की तिचं पान वाचायचं. एकच प्रश्न दोनदा विचारायचा नाही.

लेकीचं, जाईचं लग्न त्यांनी कौलावरच अडवलं होतं. मुलगा बेलापूरजवळच्याच दिवाळे गावातला, रूपेश. देवाने डावा कौल दिला, म्हणजे नकार, विषय संपला.

"आई, तू मला कधी काही विचारलंस का गं?" एवढंच बोलून जाई गेली आणि लग्न करून द्रोणागिरीला राहिली. अर्ध्या तासाचा तर रस्ता. महिन्याभरात बाईंना राहवेना. फोन करू का, म्हणून त्यांनी नाणी उडवली. आकृतीचं नाव निघालं 'थांबणे'. बाई थांबल्या, तीन वर्षं. जीव रोज तुटायचा, पण पुस्तकाचा शब्द मोडायचा कसा?

परवा चहा पिताना नवऱ्याने, दिनानाथांनी, सहज ते पुस्तक उघडलं. प्रस्तावना वाचणारा घरात हा एकच माणूस.

"अगं, रेघा खालून वर मांडायच्यात. पहिली तळाला."

बाईंनी वही काढली. सगळ्या आकृत्या वरून खाली, आपण लिहितो तशा.

"जन्मभर बिल्डिंगी काढल्यास, सरू! तळमजला कुठे असतो?"

बाईंना हसू आलं नाही. जाईची आकृती उलटी करून त्यांनी पान शोधलं. नाव होतं 'भांडण'. ते टोकाला नेऊ नये, अर्ध्यावर सोडावं, असा खाली मजकूर.

आधी त्यांना त्या भाषांतरकाराचा राग आला. एवढी मोठी गोष्ट बारीक टायपात घालतं का कोणी! मग स्वतःचा आला, तो मात्र जाईना.

"आता नीट टाक परत," दिनानाथ म्हणाले.

बाईंनी बशीतली तिन्ही नाणी उचलून त्यांच्या हातावर ठेवली. "पाव घेऊन या."

आणि जाईला फोन लावला.

"आज कौल उजवा आला वाटतं, आई?"

"लावलाच नाही," बाई म्हणाल्या. "तुला विचारतेय. येऊ का गं?"