कागदी भोपळ्याचं दार

जपानमधल्या ओजिमाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हॅलोविनला ज्या दारावर कागदी भोपळा असेल, तिथलीच बेल मुलांनी गोळ्या मागायला वाजवायची. तळमजल्यावरच्या जपानी आजींचा भोपळा सकाळीच लागतो. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. आम्हा भारतीयांची मुलं शाकाहारी, म्हणून त्या भिंग घेऊन गोळ्यांचं प्रत्येक पाकीट वाचतात आणि चालेल त्यावर हिरवा ठिपका काढतात.

"आमच्या लहानपणी हे नव्हतं," त्या एकदा म्हणाल्या, "म्हणून आत्ता हौस भागवून घेते."

यंदा सगळी मुलं मॉलमधल्या पार्टीला गेली, माझी लेकसुद्धा. संध्याकाळी ऑफिसमधून आले, तर आजी उघड्या दारात चेटकिणीची टोपी घालून बसलेल्या. मांडीवरची टोपली भरलेलीच. मला बघून घाईने उठल्या, माझ्यामागे कुणी आहे का ते वाकून पाहिलं.

दार उघडंच होतं. तरी मी बेल वाजवली आणि दोन्ही हात पुढे केले.