ओटी घेऊन परतलेली गिऱ्हाइकं

बेल वाजली की ती दार उघडायची आणि आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खांद्यामागे बघायची. मागे कोणी बाई आहे का, हे तिला आधी कळायला हवं असायचं. बाई दिसली की ओले हात पदराला पुसत म्हणायची, "या, बसा. पर जाताना सांगून जावा. रिकामं न्हाई जायचं."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कुणाच्या घरून निघताना माझा पाय दारात क्षणभर थांबतो. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्या घरातून हात हलवत निघणं शक्यच नसतं. पण तुमच्या बाईमुळे कुणाचा फ्लॅट विकायचा अडला नसेल. हिच्यामुळे अडला, आणि तो विकायचं काम माझ्याकडे होतं.

मी परभणीत घरांची आणि प्लॉटची दलाली करते. धंदा नवऱ्याने सुरू केलेला. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता ऑफिसला कुलूप लागणार. मी कुलूप उघडलं, खुर्ची पुसली आणि बसले. "बाईमाणसाला जमायचंय का हे?" असं ज्याने तोंडावर विचारलं, त्याचाच अडकलेला प्लॉट मी पुढे विकून दिला. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. हे एवढ्यासाठी सांगते, की या बाईपुढे माझं काही चाललं नाही हे तुम्हाला नीट कळावं.

फ्लॅट वसमत रोडला, दुसऱ्या मजल्यावर. मालक पुण्याला. फोनवर म्हणाला, "ताई, आधी त्या भाडेकरूला बाहेर काढा. रिकामं घर लवकर जातं." त्यात चूक काही नव्हतं. भाडेकरू बसलेलं घर म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं जिन्यातूनच मागे फिरतात. मी म्हटलं, बघून येते.

ती राणीसावरगावची. उंच, काटक, आणि आवाज माळावर घडलेला. स्वयंपाकघरात बोलली तरी खालच्या मजल्यावर कळायचं आज भाजी काय आहे. नवरा आणि सासरे मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि ही लेकीला घेऊन परभणीत. सकाळ-संध्याकाळ एका खानावळीत भाकरी थापायची, मधल्या वेळात घर. लेक सायन्सला बारावीत. मी गेले तेव्हा ती आतल्या खोलीत मोठ्याने पाठ करत होती.

घर विकायचंय असं मी सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "इकू द्या की. त्यांचं घर हाय." मग चहाचं आधण ठेवता ठेवता पाठमोरीच बोलली, "पोरीची परीक्षा होईपर्यंत ऱ्हाता आलं तर बघा, ताई. मामंजी म्हनायलेत, शहरातलं घर सुटलं की पोरगी गावाकडं आणायची. स्थळ बघून ठिवलंय त्यांनी. आता मधीच दुसरं घर कोण देतंय आमाला? मेंढरंवाले म्हटलं की लोकं दार लावून घ्यायलेत."

एवढंच. रडली नाही, हात जोडले नाहीत. पण मला कळायचं ते कळलं. हे घर सुटलं की पोरीची वह्यापुस्तकं सुटली आणि मांडव पडला.

मी उठले, तशी ती सूप घेऊन आली. सुपात गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड आणि घडी न मोडलेला ब्लाउजपीस. मी चटकन मागे सरले. "अहो, माझी नका भरू. माझे मिस्टर..."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "कुकू नको असंल तर न्हाई लावत. पर घरात पहिल्यांदा आलेली बाई हाव तुमी. माझी माय तरणेपणी अशीच राहिली. बायका वट्या भरून घेऊन जायच्या आन ती भिंतीला टेकून बघत बसायची. मी लहान होते, पर दिसायचं की मला. धरा पदर. रिकामं न्हाई जायचं."

मी ड्रेसवर होते, पदर कुठला. ओढणी पसरली. नवरा गेल्यापासून माझ्या पुढ्यात कुणी मूठभर धान्य घातलं नव्हतं. हळदीकुंकवाला मला बोलवायचंच लोकांनी सोडलं होतं, आणि मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ओढणीत गहू पडल्याचं वजन लागलं आणि माझे डोळे भरून आले. तिने ते पाहिलं नाही असं दाखवलं. म्हणाली, "चार दाणे परत सुपात टाका. घरचं थोडं घरात ऱ्हायला पायजे." मी टाकले. स्कूटीच्या डिकीत ओटी ठेवून ऑफिसला आले आणि मालकाला फोन लावला. म्हटलं, घर मी विकून देते, पण भाडेकरूसकट. तो म्हणाला, बघा जमतंय का.

पहिलं जोडपं सोनपेठचं, दोघंही शिक्षक. घर दाखवायला माझी गरजच पडली नाही. हीच पुढे होऊन दाखवत सुटली. "पाणी उन्हाळ्यात बी येतंय. ह्या खिडकीतनं वारं लय चांगलं येतं. घ्या तुमी, पोराबाळांना बरं हाय." माझ्यापेक्षा चांगली दलाल. जोडप्याला घर पसंत पडलं, मास्तर करारनाम्याचं बोलायला लागले. निघताना हिने बाईंची ओटी भरली. पहिल्या मजल्यावर येईपर्यंत बाईंचा चेहरा बदलला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जिने माझी ओटी भरली, तिचं सामान बाहेर काढून मी त्या घरात राहायला जाऊ? मला नाही जमायचं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंच्या पदरातल्या गव्हाकडे बघितलं. सौदा तिथेच जिन्यात संपला.

दुसरं कुटुंब किराणा दुकानवाल्याचं. सोबत त्यांची आई. हिने सासूसुना दोघींच्या ओट्या भरल्या आणि म्हातारीच्या पाया पडली. म्हातारी खाली येऊन रिक्षात बसली ती पदर दोन्ही हातांनी धरून. "पोटच्या लेकीवानी केलं की रे तिनं," ती मुलाला म्हणाली. "तिच्या जिवाला लागंल असं घर आपल्याला नगं."

मग मी हुशारी केली. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, तुम्ही एकटेच या, वहिनींना नंतर दाखवू. आला बिचारा ऑफिसातून परस्पर. हिने त्याच्या खांद्यामागे पाहिलं, कुणी नाही. "घरच्यांना कामून आणलं न्हाई?" म्हणत चहा दिला आणि निघताना ओटी पिशवीत बांधून त्याच्या हातात ठेवली. "त्यांना द्या. म्हनावं, या एकदा." तो माणूस शर्टाला पेन लावलेला, मोटारसायकलच्या हँडलला खोबरं-गव्हाची पिशवी अडकवून गेला. संध्याकाळी त्याच्या बायकोचा मला फोन. घराचं एक अक्षर नाही. "कोण हो ती बाई? गहू कुठले आहेत?"

एवढे ब्लाउजपीस ती आणायची कुठून, असं तुम्हाला वाटेल. ब्लाउजपीस शिवायचा नसतो, पुढे पाठवायचा असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. तिच्याकडे लग्नाकार्यात आलेल्यांची पेटी होती. गावाकडून गव्हाचं पोतं यायचं. त्या हंगामात ते पोतं माझ्या गिऱ्हाइकांनीच संपवलं असावं.

मालक वैतागला. "ताई, ती मुद्दाम करतेय. हुशार बाई आहे. तिला महिनाअखेर घर सोडायला सांगा, मग बघतो मी." फोन ठेवला आणि मी तशीच तिच्याकडे गेले. ती गहू निवडत बसली होती. मी सरळ विचारलं, "मुद्दाम करता का हे?"

"काय मुद्दाम?"

मी तिला जिन्यातलं सगळं सांगितलं. मास्तरणीचं, म्हातारीचं. तिचे हात सुपात थांबले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, लोकांना घरच पसंत पडेना. रोज ती माझी वाट बघायची, की आज तरी घर विकलं गेलं असं सांगायला मी येईन आणि नवा मालक तिला परीक्षेपर्यंत राहू देईल.

"म्हंजे माझ्यामुळं आडलं व्हय," ती म्हणाली. तो माळावरचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मग काय करू, ताई? वटी बंद करू?"

हो म्हटलं असतं तर आठवड्यात सौदा झाला असता. माझं कमिशन सुटलं असतं. मी म्हटलं, "ओटी बंद करायची नाही. गिऱ्हाईक मी बदलते."

हे बोलले खरं, पण दोनच दिवसांनी तिच्याकडे गेले, तर तिचे सासरे येऊन बसलेले. पांढरा फेटा, मांडीवर काठी. सुनेकडे न बघता मला म्हणाले, "घर कवा सुटायलंय, तेवढं सांगा. पोरीला न्यायला परत चक्कर नको." आतल्या खोलीतलं पाठांतर बंद पडलं. ही दाराला टेकून उभी, हातात रिकामा तांब्या.

मी म्हटलं, "बाबा, घर विकायला मी आहे. सोडायला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही खुशाल मेंढरं घेऊन जा." मालकाने काय सांगितलं होतं ते मी पोटात ठेवलं. म्हातारा उठला, पण त्याला खरं वाटलं नव्हतं.

आता मला असं गिऱ्हाईक हवं होतं, ज्याला घर घ्यायचंय पण राहायला जायची घाई नाही. कृषी विद्यापीठातल्या क्वार्टरमध्ये अशी माणसं असतात. पुढच्या वर्षी निवृत्त होणारी, तोवर सरकारी घरात बसलेली. मी एकेकाचं दार वाजवत फिरले आणि एक जोडपं घेऊन आले. हिने नेहमीसारखं सगळं दाखवलं, फक्त "घ्या तुमी" तेवढं म्हणाली नाही. ओटी भरली. बाईंनी चार दाणे सुपात परत टाकले आणि जिना उतरायला लागल्या. मी मागून देवाचं नाव घेत उतरत होते.

खाली गाडीपाशी त्या थांबल्या. "घर मला हवंय," त्या म्हणाल्या. "पण त्या मुलीची परीक्षा होईपर्यंत तिथं कुणी हलायचं नाही. तसं लिहून द्यायचं असेल तर बोला."

मी लिहून दिलं, मालकाकडून लिहून घेतलं, आणि त्याच दिवशी राणीसावरगावच्या म्हाताऱ्याला फोन लावला. "बाबा, घर विकलं. भाडेकरूसकट." पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. म्हातारा म्हणाला, "मंजूर."

पोरगी पास झाली. चांगली झाली. स्थळाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. नांदेडला नर्सिंगला लागली, तिथेच होस्टेल मिळालं. मग हिला परभणीत राहायचं कारण उरलं नाही.

ती निघाली त्या दिवशी किल्ली घ्यायला मी गेले. टेम्पो खाली उभा. घरात काही राहिलं नव्हतं. फक्त एक पिशवी दाराशी आणि सूप तिच्या काखेत. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि मला एकदम जाणवलं, की या घरातून ही एकटीच रिकामी चाललीय.

"थांबा," मी म्हटलं.

दाराशी तिच्या पिशवीत उरलेले गहू होते, ते मी तिच्या काखेतलं सूप घेऊन त्यात ओतले. माझ्या पर्समध्ये ब्लाउजपीस होता, तिनेच पहिल्या दिवशी दिलेला. तो शिवला गेला नाही, पुढेही पाठवला गेला नाही. पिशवीत कुंकवाची डबीही होती. तिला मी हात लावू की नको असं झालं. तिने कपाळ पुढे केलं. मी लावलं. नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदा कुणाची ओटी भरली ती तिची. एवढ्या ओट्या भरणाऱ्या बाईला पदर कसा धरायचा ते सुचेना. आधी एका हाताने धरला, मग दोन्ही हातांनी. ती रडत होती, आणि मोठ्याने. खाली टेम्पोवाल्यालाही ऐकू गेलं असणार.

मग डोळे पुसून तिने पदरातले चार दाणे उचलले आणि परत टाकायला सूप शोधायला लागली. सूप तर तिचंच, तिच्याबरोबर जाणारं. तिने इकडेतिकडे पाहिलं, रिकाम्या स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याच्या कडेला ते दाणे ठेवले.

"घरचं थोडं घरात," म्हणाली, आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी नव्या मालकीणबाईंसाठी घर झाडून ठेवायला मी बाई लावली. स्वयंपाकघरात तिने ओट्यावर फडकं फिरवायला घेतलं, तेव्हा मी तिला म्हटलं, तेवढी कड राहू दे.