कपाटात जपलेल्या जाळ्या

आमच्या घरामागे राइस मिल आहे. गोंदियात याचं कुणाला नवल नाही. वारा सुटला की कोंड्याची पिवळी धूळ भिंत ओलांडून येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून देवाच्या फोटोपर्यंत सगळ्यांवर सारख्या मायेनं बसते. मी दिवसातून किती वेळा पुसते, ते विचारू नका. डोकं फिरतं.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, सारी हयात अशाच एका मिलमध्ये मशीन चालवण्यात गेली. त्या कोंड्यानंच त्यांना दमा दिला. कूलरच्या दमट हवेनं खोकला आणखी उसळायचा, म्हणून डॉक्टरांनी कूलर बंद करायला लावला आणि आम्ही मामाजींच्या खोलीत एसी बसवला. नवऱ्याचं कर्तव्य तिथं संपलं. वस्तू घरात आणली की ती जन्मभर आपोआप चालते, अशी त्याची श्रद्धा आहे.

एसीत धूळ अडवायला एक जाळी असते, ती धुवायची. तिच्यावर आणखी एक पातळ, पांढरी जाळी असते, बारीक धुळीसाठी. ती धुता येत नाही, बदलावीच लागते, आणि मिलच्या शेजारी तर लवकर लवकर. मी आठवणीनं नवी आणायचे आणि मामाजींच्या हातात द्यायचे, कारण घरातल्या कुठल्याही मशीनला हात लावायचा मान त्यांचा. दुसऱ्यानं लावला तर रुसवा.

"लावली का, मामाजी?"

"लावली ना. कितीदा विचारतं?"

यंदाच्या उन्हाळ्यात एसीतून हवा येईना. पाणी मात्र यायला लागलं, टपटप, थेट उशीवर. खोली उकडते म्हणून मामाजींनी खिडकी उघडून ठेवली. कुठली? मिलच्या बाजूची! मग खोकल्याची अशी उबळ आली की पंप ओढूनही श्वास पुरेना, ओठ निळे पडले. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर माझ्याकडेच बघून म्हणाले, "यांना धुळीत ठेवू नका." जसं काही मीच रोज सुपानं कोंडा पाखडत होते त्यांच्या उशाशी.

त्यांना घरी आणलं आणि मी पदर खोचून स्टुलावर चढले. रुसायचं तर रुसा म्हटलं. एसीच्या माथ्यावर, जिथून तो हवा आत ओढतो नेमकं तिथं, मामाजींचं जुनं धोतर घडी घालून अंथरलेलं. कडा अशा खोचलेल्या की खालून कुणाला दिसू नये. आतली जाळी शेणानं सारवल्यासारखी बुजलेली.

"मामाजी, हे काय आहे?"

"मीच टाकलो ते. जाळीवर कोंडा बसते ना. खराब होऊन जाते."

"आणि मी आणून दिल्या त्या नव्या?"

त्यांनी कपाट उघडलं. चादरींखाली सगळ्या एकावर एक रचलेल्या, वरचं प्लास्टिकही न काढलेल्या. "चांगल्या होत्या म्हनून ठेवलो. पुढं कामात येतीन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या घरात नवी वस्तू वापरायची नाही, असा कुणी नवस बोललं आहे की काय कोण जाणे. नवी ताटं पाहुण्यांसाठी, नवं ब्लँकेट जावयासाठी. पण जाळी? ती कोणत्या जावयाला पांघरायला देणार?

"मिलमध्ये मी असाच करत होतो," मामाजी धापा टाकत, पण ठासून म्हणाले. "मोटरीले बारदाना बांधून ठेवत होतो. कोंड्याचा कण आत जाऊ देल्लो नाही. मालक खूश राहे."

"आणि नाकाला काय बांधत होता?"

"नाकाले कायले बांधू? नाक का मालकाचं होतं?"

मी धोतर ओढून खाली टाकलं, आतली जाळी धुऊन आणली, वर नवी पांढरी बसवली. मामाजी जुनी, पांढऱ्याची काळी झालेली, हातात घेऊन हळहळत होते.

"हे नवी बी अशीच होईन."

"होऊ द्या. मग तीही फेकायची."

"एवढी चांगली जिनस?"

"तिनं तुमच्याऐवजी कोंडा खायचा, म्हणूनच आणतो ना तिला!" माझा आवाज चढला. "इतकी वर्षं तुम्ही खाल्ला. छातीची जाळी करून टाकलीत तुम्ही मिलमध्ये!"

मामाजींनी ती काळी जाळी उलटून पालटून पाहिली. मग तळवा छातीवर ठेवला आणि दुकानात एखाद्या सुट्या भागाची चौकशी करावी तसं, अगदी सरळ विचारलं, "मंग हे कोन बदलवून देईन, बाई?"

माझा सगळा राग जागच्या जागी विरला, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.