फरशीवरची फायनल

आबांच्या दिशेने काहीही फेकलं तरी ते खाली पडत नसे. कपाटाच्या किल्ल्या, खडूचा तुकडा, माझा जेवणाचा डबा. ते दुसरीकडे बघत असले तरी हात बरोबर तिथे जाई. एकदा पंख्याला धडकून खाली येणारी चिमणी त्यांनी अशीच झेलली, खिडकीतून बाहेर सोडली आणि अर्धवट राहिलेला कॉल पुरा केला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात ते दहा वर्षं गोलकीपर होते.

जयपूरला रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील भुसावळहून बदलून आलेले. त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असं माझं चाललेलं. आबा आमचे हेड ऑपरेटर. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "मतलब, मला जमेल ना हे?"

"जमंल की. तेवढं मतलब घरी ठेवून येत जा."

त्या काळी लांबच्या गावाहून येणारा आवाज वाटेत इतका बारीक व्हायचा की निरोप तोंडातोंडी पुढे न्यावा लागे. कोल्हापूरने मिरजेला सांगायचं, मिरजेने पुण्याला, पुण्याने मुंबईला, मुंबईने आम्हाला. आबांचा नियम एकच होता: "ऐकलं तेच म्हणायचं. वाटलं ते घरी जाऊन म्हण." एका इंजिनीयरसाहेबांचा खडूस निरोप मी पुढे देताना त्यात "कृपया" घातलं. आबांनी मला तीच लाइन पुन्हा लावायला सांगितली. "साहेब म्हणालंय का कृपया? न्हाई न्हवं? मग काढ ते." मी काढलं. पलीकडचा ऑपरेटर हसला, आबा हसले नाहीत.

जयपुरात फुटबॉलचं वेड असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कॉलनीची सहल शहराबाहेर कानोत्याच्या धरणावर गेली तेव्हा त्यांनी रूळ बदलणाऱ्या, धोतरातल्या पॉइंट्समनना दोन बाजूंना उभं करून मॅच लावली आणि स्वतः दोन दगडांच्या मधे उभे राहिले. कोणालाही गोल करता आला नाही. जेवायची वेळ टळून गेली आणि बायका वैतागल्या. पण विश्वचषकाची फायनल रेल्वे इन्स्टिट्यूटच्या टीव्हीवर सगळी कॉलनी जागून बघत होती, त्यात आबा पहिल्या अर्ध्या तासातच उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी कारण विचारलं. "खेळत्यात चांगलं. पण त्यांत आपलं कोण हाय?"

त्यांचं आपलं म्हणजे दिगू, त्यांचा मुलगा. आबांची बायको दिगू चार वर्षांचा असताना गेली. आबांच्या बहिणीने त्याला कोल्हापुरात वाढवलं आणि आबा बढतीवर जयपूरला आले. वर्षातून एकदा, दिवाळीला, बापलेकांची भेट. दिगू एकवीस वर्षांचा झाला होता आणि त्याच तालमीच्या संघात, त्याच जागी, गोलमध्ये उभा राहत होता. आबांनी त्याला मोठ्या सामन्यात खेळताना कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये तालीम अकरा वर्षांनी फायनलला पोचली. आबांनी रजा टाकली. पण त्याच आठवड्यात आमच्याच एक्स्चेंजमधल्या शर्माजींच्या मुलीचं लग्न निघालं, आणि दोन सिनियर माणसं एकदम सुटणं शक्य नव्हतं. आबांनी आपला अर्ज परत घेतला. म्हणाले, "लगीन एकदाच हुतंय. फायनल परत येईल."

फायनल रविवारी दुपारी चारला होती. रविवारी लाइनी मोकळ्या असत. मैदानासमोरच्या खानावळीत फोन होता. तिथून एकजण कोल्हापूर स्टेशनवर आबांच्या मित्राला, शिवाला, सांगणार. शिवा मिरजेला सांगणार आणि मग नेहमीच्या वाटेने बातमी जयपूरला येणार. आबांनी एक्स्चेंजच्या फरशीवर खडूने मैदान आखलं, स्विचबोर्डाचे मोडके प्लग उभे करून बावीस खेळाडू मांडले. 'डी'साठी, म्हणजे गोलपुढच्या चौकटीसाठी, फूटपट्टी लावली. बोर्डावर मी बसले होते. फायनल बघायला आलेले प्रेक्षक म्हणजे आमचा चपराशी भंवरलाल, सुट्टीवरचे दोन क्लार्क आणि आबा. सगळे मांडी घालून फरशीकडे बघत बसले.

"बाबूजी, आपकी टीम में कोई दौड़ता भी है, या सब खड़े हैं?" भंवरलालने विचारलं.

"थांब रे. पुण्यात अडकलाय बॉल."

मी ऐकायची, सांगायची आणि आबा प्लग सरकवायचे. "डावीकडून पुढे आले. कॉर्नर मिळाला. कीपरने मुठीने बाहेर काढला." तेव्हा आबांनी दिगूचा प्लग हातात घेतला, शर्टाला पुसला आणि परत जागेवर ठेवला. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नाही. भंवरलालने चहा आणला. आबांनी तो घेतला नाही.

दुसरा हाफ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. मुंबईची ऑपरेटर खालच्या आवाजात बोलायला लागली. "ऐक, बोलू नकोस. त्यांच्या मुलाला डोक्याला लागलंय. पुढच्या माणसाचा गुडघा बसला. शुद्ध नाही. उचलून दवाखान्यात नेलंय. मिरज म्हणतेय, मॅच संपेपर्यंत म्हाताऱ्याला कळू देऊ नका. पुणंही तेच म्हणतंय. खेळ चालू आहे असं सांगत राहा."

आबा माझ्याकडे बघत होते. बाकीचेही.

"थ्रो मिळाला," मी म्हणाले. "उजवीकडून."

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं. पहिल्या हाफमध्ये जे ऐकलं होतं तेच मी उलटसुलट करून सांगत राहिले. थ्रो, कॉर्नर, बाहेर गेला, आत आला. मधे एकदा कीपरने अडवला असं सांगितलं. भंवरलालने टाळी वाजवली, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा एकदा सांगितलं. मुंबईहून आता काही येत नव्हतं, लाइनीवर नुसती खरखर होती. बाहेर गाडीची शिट्टी झाली. ती आम्ही सगळ्यांनी ऐकली. पाच वीसची सवाई माधोपूर पॅसेंजर. मुंबईची गाडी माधोपूरला मिळायची आणि त्यानंतरची जोडगाडी दुसऱ्या दिवशी. हे मला पाठ होतं, रोज वीस लोकांना मी ते सांगत होते. त्या वेळी डोक्यात आलं नाही, एवढंच.

आबांनी हातातला प्लग खाली ठेवला.

"लाइनीवरनं बातमी येताना मधे वेळ जातोय," ते म्हणाले. "तू मघापासनं न थांबता बोलालीस. गोलमधे कोण हाय आता?"

मी सांगितलं. जसं ऐकलं होतं तसं, अक्षर न बदलता. ते उठले, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. "बाई, मिरज द्या. मिरज, शिवा द्या." मग ते शिवाला प्रश्न विचारत राहिले आणि प्रत्येक उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणत राहिले, निरोप पक्का करताना म्हणतात तसं. "श्वास चालू आहे. डोळे उघडत नाही. डावीकडची बाजू हलत नाही. सांगलीला मोठ्या दवाखान्यात नेणार." पुस्तकी मराठीत, कामाच्या आवाजात. मग मला विचारलं, "माधोपूर?"

"गेली."

"किती झालं?"

"सहा मिनिटं."

ते खाली गेले, स्टेशनवर एखादी मालगाडी त्या बाजूला जाते का विचारून आले. जात नव्हती. बसने माधोपूरला पोचेपर्यंत मुंबईची गाडी निघून गेली असती, तरी ते बस स्टँडवर गेले. बस रेल्वेला मागे टाकू शकत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं. पॅसेंजरच्या मागे ते तसेच धावले आणि मुंबईची गाडी त्यांना मिळाली नाही. रात्र त्यांनी माधोपूरच्या फलाटावर काढली.

दिगू मंगळवारी दुपारी गेला. त्या पॅसेंजरने आबा मंगळवारी सकाळी पोचले असते. ते बुधवारी पोचले. तालमीने देह त्यांच्यासाठी ठेवला होता. फायनल ज्यांनी जिंकली त्या संघानेही खांदा दिला, असं शिवाने नंतर मला सांगितलं.

तेराव्यानंतर ते परत आले आणि बोर्डावर बसले. फरशीवरचं मैदान भंवरलालने केव्हाच पुसलं होतं. चौथ्या दिवशी, खोलीत कोणी नसताना, मी म्हणाले, "आबा, माझी चूक झाली. मला माफ करा."

त्यांनी चालू कॉल पुरा केला, प्लग काढला.

"माफ केलं म्हणलं तर तू इसरशील. न्हाई करत मी." मग डबा माझ्याकडे सरकवला. "भाकरी जास्त आणल्यात. खा."

मी खाल्ली. त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. रागावत, शिकवत, माझ्या मराठीची टिंगल करत. ते मला जास्त जड गेलं. एखाद्याने तोंड फिरवलं तर आपल्यालाही फिरवता येतं. त्यांनी ती सोय मला ठेवली नाही. कोणाला काय कळू द्यायचं हे आपण ठरवणं किती सोपं वाटतं आणि त्याची किंमत दुसरा भरतो, हे मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळदा पाहिलं. मिरजेच्या, पुण्याच्या, मुंबईच्या त्या माणसांचं मन वाईट नव्हतं. माझंही नव्हतं.

सहा महिन्यांनी त्यांना मिरजेची बदली मिळाली. एक पेटी, एक वळकटी. भंवरलालने सामान चढवलं. पाच वीसचीच पॅसेंजर होती. मी खिडकीशी उभी होते. सिग्नल पडला तेव्हा ते पुढे वाकले.

"त्या दिवशी तू जे सांगितलंस न्हवं, नंतरचं. त्यात त्यानं किती अडवले?"

"दोन," मी म्हणाले.

"दुसरा कुठनं आलता?"

मला आठवत नव्हतं. मी ते सांगितलंही नसेल.

"उजवीकडून, आबा. वरून येत होता. उडी मारून काढला."

त्यांनी मान हलवली, हिशोब बरोबर जुळल्यासारखी. गाडी हलली आणि ते खिडकीतून मागे सरले.